कॉइलओव्हर, बार आणि मागचे आर्म: फिटिंगच्या नोंदी

गाडी: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकत्र उभा खांब), मागे मल्टिलिंक (चाक अनेक आर्मनी धरलेलं), इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना.
बदलायचे पार्ट: चारही कोपऱ्यांचं कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारे शॉक आणि स्प्रिंग), पुढचे लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे), लोअर आर्मच्या मागच्या बुशसाठी (बुश म्हणजे सांध्यातली लवचीक गादी) पॉलियुरेथेन (पुढे ‘पॉलि’) संच, २४ मिमीचा पुढचा अँटिरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा; मूळ २२), ॲडजस्टेबल लिंक रॉड (बारची टोकं स्ट्रटला जोडणारे), मागचे ॲडजस्टेबल कॅम्बर आणि टो आर्म (कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, वरचा भाग आत असेल तर निगेटिव्ह; टो म्हणजे वरून पाहता चाकाची आत-बाहेर दिशा), स्ट्रट ब्रेस (स्ट्रटची वरची टोकं आडवी जोडणारा दांडा).
ठरवलेली उतरण: पुढे ३० मिमी, मागे २५ मिमी.

४ जानेवारी: काही उघडण्याआधी

गाडी सपाट फरशीवर, टायरचा दाब चारही चाकांत सारखा, स्टिअरिंग सरळ. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून चाकाच्या कमानीच्या कडेपर्यंत अंतर: पुढे डावं ३७२, उजवं ३६९, मागे डावं ३६४, उजवं ३६६ मिमी. जमिनीपासून कमानीपर्यंत मोजण्यात अर्थ नाही. टायर झिजला किंवा बदलला की तो आकडा फिरतो, हबपासूनचा फिरत नाही.

डाव्या-उजव्यातला ३ मिमीचा फरक तसाच ठेवायचा. कमान म्हणजे दाबून वाकवलेला पत्रा. ती जुळवण्यासाठी स्प्रिंगचे पर्च (स्प्रिंग ज्यावर बसते ती वर-खाली करता येणारी बैठक) वेगळ्या उंचीवर ठेवले तर कोपऱ्यांवरचं वजन तिरकं विभागलं जातं.

पुढचा कॅम्बर डावा −०°३५′, उजवा −०°५०′. स्टॉक गाडीतही १५ मिनिटांचा (पाव अंशाचा) फरक आहे. हे आज लिहून ठेवलं नाही तर पुढे नव्या पार्टवर नाहक आळ येईल.

५ जानेवारी: टेबलावर जुना-नवा शेजारी

गाडीखाली शिरण्याआधी प्रत्येक नवा पार्ट व्हर्नियरने मोजला. जुने स्ट्रट अजून गाडीतच आहेत, त्यामुळे त्यांची मापं जिथे पाना आणि व्हर्नियर पोचतो तिथलीच.

स्ट्रटचे कान: नकलला (हब ज्यात बसतो तो भाग) धरणारे दोन बोल्ट एम१४ (व्यास १४ मिमी), त्यांच्या केंद्रांतलं अंतर ५८ मिमी. जुन्या स्ट्रटची भोकं १४.२ मिमी, नव्याची १४.८. हा ०.६ मिमी वाचताना किरकोळ वाटतो. नकलची भोकंही १४.२ आहेत. म्हणजे जुन्या जोडीत एका बोल्टपाशी स्ट्रट आणि नकल एकमेकांपासून ०.२ मिमी इकडे-तिकडे सरकू शकतात, नव्यात ०.५. वरचं भोक एका टोकाला आणि खालचं विरुद्ध टोकाला गेलं की जुन्यात ५८ मिमीवर ०.४ मिमीचा तिरकेपणा, म्हणजे मधल्या स्थितीपासून ०.४ अंश. नव्यात ५८ मिमीवर १ मिमी, म्हणजे जवळजवळ १ अंश. बोल्ट कसा ‘पडला’ यावरच कॅम्बर दोन अंशांच्या पट्ट्यात कुठेही बसेल. दोन्ही बाजू मुद्दाम एकाच टोकाला ढकलून आवळायच्या. कुठलं टोक, ते बसवताना ठरेल.

कानांमधली आतली रुंदी ३२.६, नकलची जाडी ३३.०. धातूचं माप बरोबर आहे, पावडर कोटिंगचा थर आत आलाय.

स्प्रिंग: १८० मिमी लांब, दर ६ किग्रॅ/मिमी. एका पुढच्या कोपऱ्यावर स्प्रिंगला येणारं वजन सुमारे ३३० किलो, म्हणजे गाडी उभी असताना ५५ मिमी दाब. शॉकच्या दांड्याची चाल १२० मिमी. त्यातली ५५ लटकण्यात जाते, १५ मिमी जागा पूर्ण चेपलेला बंपस्टॉप (चाल संपताना धक्का घेणारा मऊ ठोकळा) खातो, दबायला उरतात ५०. स्प्रिंग जास्तीत जास्त १०५ मिमी दबेल. तिच्या गुंडाळ्या एकमेकींना टेकतात तेव्हाची लांबी ६८, म्हणजे ती ११२ मिमी दबू शकते. शिल्लक ७ मिमी. चालेल, पण यापेक्षा आखूड स्प्रिंग याच दरात घालता येणार नाही.

लिंक रॉडची पट्टी नव्या स्ट्रटवर जुन्यापेक्षा १२ मिमी खाली आहे. एबीएस वायर आणि ब्रेक होजसाठी जुन्यावर वेल्ड केलेला ब्रॅकेट होता, नव्यात पट्ट्याने बांधायचा पत्रा आहे.

११ जानेवारी: पुढचे स्ट्रट

कानांच्या आतल्या, नकलला टेकणाऱ्या चारही पृष्ठांवरचं पावडर कोटिंग खरवडून धातू उघडा केला. तेवढ्याच जागेत, आणि बोल्टच्या डोक्याखाली व नटखालीही. बाहेरच्या रंगाला हात लावलेला नाही. उघड्या धातूवर झिंक प्रायमरचा अगदी पातळ हात. हे काम टाळून मॅलेटने स्ट्रट ठोकून बसवता येतो आणि टॉर्क रेंच ‘टक्’ही करतो. पण हा जोड बोल्टच्या दांड्यावर टिकत नाही, दोन पृष्ठांमधल्या घर्षणावर टिकतो. दाबाखाली कोटिंग हळूहळू पसरतं, बोल्टचा ताण उतरतो, आणि वळणात नकल कानांमध्ये सरकू लागतो. मग आवाज येतो, कॅम्बर बदलतो, आणि लोक शॉकला दोष देतात.

दोन्ही बाजूंना नकलचा वरचा भाग आत ओढून, म्हणजे निगेटिव्ह टोकाला टेकवून, बोल्ट हातघट्ट केले. वरच्या माउंटचे तीन स्टड एम८, टॉवरच्या (स्ट्रटचं वरचं टोक धरणारा बॉडीचा भाग) भोकांत अडथळा नाही. शॉकच्या दांड्याचा नट ॲलन की धरून हाताने आवळला. इथे इम्पॅक्ट गन लावली तर दांडा पिस्टनसकट आत गरागरा फिरतो आणि सील खराब होतं.

वरचा माउंट पिलोबॉलचा आहे, म्हणजे रबराऐवजी धातूचा गोल सांधा. किटमध्ये स्प्रिंगखाली थ्रस्ट वॉशर दिलेले नाहीत. स्टिअरिंग फिरवताना स्ट्रट फिरतो आणि स्प्रिंगला सोबत पिळतो. वळणाच्या शेवटी ती सुटून ‘टण्ण’ करते. दोन्हीकडे नीडल थ्रस्ट बेअरिंग आणि दोन कडक वॉशर घातले. एकूण जाडी ४ मिमी, तेवढा पर्च खाली घेतला.

१२ जानेवारी: स्प्रिंगशिवाय पूर्ण चाल

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस, आणि बहुतेक ठिकाणी हाच वगळला जातो. स्प्रिंग काढून नुसता शॉक बसवला, लोअर आर्मखाली जॅक. पूर्ण लटकलेल्या स्थितीपासून बंपस्टॉप चेपेपर्यंत चाक वर-खाली नेलं. प्रत्येक १० मिमीला थांबून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ब्रेक होज: पूर्ण लटकलेलं चाक आणि पूर्ण उजवं वळण या एकाच स्थितीत डावा होज तारेसारखा ताठ. पट्ट्याचा ब्रॅकेट २५ मिमी जास्त वर आहे. ३ मिमी पट्टीचा काटकोनी तुकडा करून होजचा आधार खाली आणला. होजवरची लांबट रेघ सरळ राहिली पाहिजे. रेघ गुंडाळलेली दिसली तर होज पिळलेला आहे. प्लॅस्टिकच्या टायने होज शॉकला किंवा स्प्रिंगला बांधणं हा उपाय नाही. टाय होजला घासतो, शिवाय त्याचा मोकळा झोल खातो.

ड्राइव्ह शाफ्ट: लटकताना आतल्या जॉइंटमध्ये आत-बाहेर खेळ शिल्लक आहे, बूट कुठे चिमटत नाही.

टायर आणि खालचा पर्च: इथे अडलं. मऊ मातीची गोळी ठेवून चाक बसवलं, काढलं, चपटी झालेली गोळी मोजली: ३ मिमी. वळणात टायरची बाजू फुगते, ३ मिमी पुरणार नाहीत. किमान ६ ठेवायचे ठरवले.

यावर नेहमी सुचवले जाणारे दोन उपाय तपासले.

पहिला, पर्च वर घ्या आणि शॉकची बॉडी खालच्या ब्रॅकेटमध्ये तेवढीच आत फिरवा. ऐकायला छान. पण पर्च बॉडीवर १२ मिमी वर गेला आणि बॉडी नकलच्या दिशेने १२ मिमी खाली आली, तर टायरच्या तुलनेत पर्च होता तिथेच राहतो. हाती फक्त प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली त्याचा) घोळ येतो. त्याच स्प्रिंगवर आणि त्याच उंचीवर पर्चची जागा ठरलेलीच असते.

दुसरा, हब आणि चाकामध्ये ५ मिमीचा स्पेसर. स्टड एम१२×१.५, सध्या नट साडेनऊ आटे पकडतो, म्हणजे सव्वाचौदा मिमी. ५ मिमी गेले की उरतात सव्वानऊ मिमी, सहा आट्यांहून थोडे जास्त. स्टडच्या व्यासाएवढी पकड, म्हणजे १२ मिमी आणि ८ आटे, इतकं किमान हवंच. लांब स्टड घालावे लागतील, आणि हबचं मधलं ओठ ५ मिमी झाकलं जाईल, त्यामुळे स्वतःचं ओठ असलेला स्पेसर लागेल. एवढा खटाटोप ३ मिमीसाठी नको.

खरं कारण कालच्या निर्णयात निघालं. मॅकफर्सनमध्ये पर्च, स्ट्रट आणि चाक हे सगळं नकलसोबत एकत्र वर-खाली होतं आणि एकत्रच वळतं. त्यामुळे हे अंतर सस्पेन्शन दबल्याने किंवा स्टिअरिंगने बदलत नाही. ते बदलतं फक्त नकलच्या बोल्टपाशी कॅम्बर हलवल्याने. निगेटिव्ह टोकाला ढकलून आपणच टायर स्ट्रटवर झुकवला होता. बोल्टपासून पर्च २१० मिमी वर. दोन अंशांचा फरक म्हणजे तिथे ७ मिमी.

दोन्ही बाजू आता पॉझिटिव्ह टोकाला टेकवल्या. अंतर १० मिमी. हवा असलेला निगेटिव्ह कॅम्बर वरच्या माउंटच्या सरकत्या प्लेटमधून घ्यायचा. तिथे संपूर्ण स्ट्रट चाकासकट झुकतो, अंतर तेच राहतं. शिवाय वळणात बाहेरच्या चाकाला जमिनीकडून मिळणारा आडवा जोर नकलचा वरचा भाग बाहेर ढकलतो. बोल्ट आधीच त्या टोकाला टेकलेले असतील तर त्या दिशेला सरकायला जागाच उरत नाही.

वरची प्लेट १५ मिमी आत येते असं दिसतं, पण १२ मिमीवर दांड्याचा नट टॉवरच्या कडेला टेकतो. टॉवर कापायचा नाही. बॉल जॉइंटपासून (लोअर आर्म आणि नकल यांमधला गोल सांधा) वरच्या माउंटपर्यंत साधारण ६०० मिमी, म्हणजे १२ मिमीत १°०९′. रस्त्यावरच्या गाडीला पुरे.

१८ जानेवारी: लोअर आर्म परत

नवा आर्म जुन्यावर ठेवून केंद्र-ते-केंद्र अंतरं जुळवली, ती बरोबर आहेत. बुशच्या जागाही बरोबर. बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या शंकूच्या भोकात घातला, नट लागला, वरवर सगळं ठीक.

दांड्याला निळं मार्किंग पातळ लावून, भोकात दाबून, किंचित फिरवून काढला. खूण फक्त रुंद टोकाला ४ मिमीच्या पट्ट्यात उमटली. उरलेल्या लांबीला स्पर्शच नाही. टेपरचा कोन वेगळा आहे. असा दांडा नट आवळल्यावर घट्ट वाटतो, पण प्रत्यक्षात एका कड्यावर उभा असतो. प्रत्येक खड्ड्यात तो त्या कड्याभोवती वाकतो, आणि शेवटी आट्यांच्या मुळाशी तुटतो. जुन्या बॉल जॉइंटची हीच चाचणी घेतली: खूण जवळजवळ पूर्ण लांबीभर.

शंकूचा कोन ना वॉशरने दुरुस्त होतो ना जास्त टॉर्कने. नकलमध्ये रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) फिरवला तर नकल कायमचा त्या आर्मशी बांधला जाईल. आर्म परत पाठवले. मूळ आर्मच वापरायचे, नव्या बॉल जॉइंटसह. बॉल जॉइंटची ही चाचणी पहिल्याच दिवशी टेबलावर व्हायला हवी होती. नकल गाडीत होता म्हणून ती पुढे ढकलली, पण जुन्या आणि नव्या दांड्याचे दोन जागचे व्यास मोजून फरक तेव्हाही कळला असता.

१९ जानेवारी: पॉलि बुश

या आर्मचे पुढचे आणि मागचे बुश एकाच आडव्या रेषेभोवती फिरतात, म्हणून मागे पॉलि चालतं. मागचा बुश उभा असेल तर हा हिशोब लागू होत नाही. तिथे रबर अनेक दिशांना लवचीक राहावं लागतं आणि पॉलि तिथे अडकतं.

मापं: सबफ्रेमच्या (आर्म ज्यावर बसतात ती बॉडीखालची चौकट) ब्रॅकेटची रुंदी ६०.३, जुन्या बुशची आतली नळी ६०.०, नव्या संचातली नळी ५९.४, पॉलिची बाहेरची रुंदी ५९.६. म्हणजे बोल्ट आवळला की ब्रॅकेटचे कान नळीवर येण्याआधी पॉलिवर येतात. बोल्ट पॉलि चेपतो, नळी मोकळीच फिरते. आर्म जड होतो, करकरतो, आणि पॉलि झिजत जाईल तसा बोल्ट ढिला पडतो.

लेथवर नवी नळी करून घेतली: लांबी ६०.१, बाहेरचा व्यास किटच्या नळीइतकाच, पॉलित हाताने सरकते. आता नळी दोन्हीकडे पाव मिमी बाहेर येते. नळीवर आणि पॉलिच्या दोन्ही तोंडांना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस पाण्याने लवकर धुऊन जातं.

चाचणी: पुढच्या रबर बुशचा बोल्ट ढिला, बॉल जॉइंट सुटा, पॉलिचा बोल्ट पूर्ण टॉर्कवर. आर्म उचलून सोडला की स्वतःच्या वजनाने खाली आला पाहिजे. किटच्या नळीसह तो हवेत अडकून राहत होता, नव्या नळीसह सावकाश उतरतो.

पुढचा बुश रबराचाच आहे. तो पॉलिसारखा नळीवर फिरत नाही. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं आणि पीळ घेऊनच हलतं. चाक लटकलेलं असताना त्याचा बोल्ट आवळला तर ती स्थिती त्याची ‘शून्य’ ठरते. आर्म ३३० मिमी लांब आणि चाक ५५ मिमी खाली, म्हणजे गाडी जमिनीवर येताच रबरात साडेनऊ अंशांहून जास्त कायमचा पीळ. काही महिन्यांत फाटतं. म्हणून आर्मखाली जॅक लावून हब-ते-कमान अंतर डावीकडे ३४२, उजवीकडे ३३९ वर आणलं आणि मगच आवळलं. टॉर्कचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलचा. किटच्या कागदावरचे आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये आहेत. १ म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, दशांश चिन्हाची चूक इथे महागात पडते.

२५ जानेवारी: बार आणि लिंक

बार बाहेर काढायला सबफ्रेम ४० मिमी खाली करावी लागली. आधी रंगाने खुणा केल्या. २४ मिमीचा बार २२ च्या तुलनेत सुमारे ४२ टक्के कडक, कारण कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. दोन्ही भरीव आहेत, एक पोकळ असता तर हा हिशोब चालला नसता.

लिंक रॉड बारच्या टोकापासून वर स्ट्रटच्या पट्टीपर्यंत जातो. गाडी ३० मिमी उतरली म्हणजे बारच्या तुलनेत स्ट्रट ३० मिमी वर गेला. पट्टी १२ मिमी खाली आहे. फरक १८. बारची टोकं मूळ कोनात ठेवायला लिंक २६५ ऐवजी २८३ मिमी लागेल, आखूड नाही. ‘गाडी खाली केली की लिंक आखूड’ हा सल्ला लोअर आर्मला लिंक जोडलेल्या गाड्यांसाठी आहे. तिथे दिशा उलटी असते.

एका बाजूची लिंक पूर्ण जोडली. दुसरी गाडी चाकांवर उभी करून, चालकाच्या जागी वजन ठेवून, अशी लांब-आखूड केली की बॉल स्टड भोकात बोटाने सरकतो. ठोकावा लागला तर बार आधीच पिळलेला आहे. स्टड सोबत फिरू नये म्हणून मागून ॲलन की धरून नट आवळला.

१ फेब्रुवारी: मागचे आर्म

स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, कॅम्बर आर्म वरचा आहे. उलट असतं तर रॉड-एंडचा (टोकाला धातूचा गोल सांधा असलेला) हा नळीचा आर्म लावलाच नसता.

सबफ्रेमच्या खाचेची रुंदी ४४.२, रॉड-एंड आणि त्याचे दोन स्पेसर मिळून ४१.०. बोल्ट आवळून खाचेचे कान ३.२ मिमी आत वाकवता येतात आणि तसंच केलं जातं. मग कानाच्या वेल्डपाशी चीर जाते. दोन्हीकडे १.६ मिमीचे कडक वॉशर घातले. आर्म मध्यभागीच राहतो.

रॉड-एंड एम१६. किमान दीडपट, म्हणजे २४ मिमी आटे आत हवेत. बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर मर्यादेची रंगीत खूण केली, पुढे ॲलाइनमेंट करणाऱ्याला कळावं म्हणून. लॉकनट आवळताना दोन्ही टोकांचे बॉल एकाच दिशेत सरळ धरले. एक जरी तिरका राहिला तर चाल संपण्याआधी तो कडेला टेकतो आणि वाकण्याचा जोर दांड्यावर येतो.

टोचा मूळ एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्म सरकवणारा) मधोमध आणून लॉक प्लेटने बंद केला. एकाच कोनाला दोन ॲडजस्टर ठेवले की कुठला हलला ते नंतर कळत नाही.

२ फेब्रुवारी: उंची, ब्रेस, हेडलॅम्प

मागे गाडी हवी त्यापेक्षा १२ मिमी खाली बसली. स्प्रिंग आर्मच्या मध्याकडे आहे. चाक १ मिमी हललं की स्प्रिंग ०.६५ मिमी हलते. पर्च १२ नाही, ७.८ मिमी वर घ्यायचा. कडकपणाला हेच प्रमाण वर्गात लागतं. किटच्या कागदावर पुढे ६ आणि मागे ७ किग्रॅ/मिमी पाहून मागची बाजू कडक वाटते, पण चाकापाशी मोजलं तर पुढे साडेपाच (प्रमाण ०.९६), मागे जेमतेम ३.

स्ट्रट ब्रेस: गाडी चाकांवर उभी असतानाच बसवला. टॉवरच्या स्टडवर त्याचा ४ मिमीचा पाय बसतो आणि तेवढे आटे खातो. नटबाहेर दोन आटे दिसतात, ठीक. बॉनेटखाली मातीच्या गोळीने ९ मिमी मोकळे.

हेडलॅम्पच्या उंचीचा सेन्सर मागच्या आर्मला छोट्या दांडीने जोडलेला आहे. दांडी तशीच ठेवली तर गाडीचं मागचं टोक दबलंय असं सेन्सरला वाटतं आणि दिवे खाली झुकतात. दांडी ॲडजस्टेबल केली, सेन्सरचा हात मूळ कोनात आणला.

८ फेब्रुवारी: बंप स्टिअर, आणि ३० मिमीचा हट्ट सोडला

स्प्रिंग पुन्हा बाहेर. हबवर सपाट फळी, तिच्या दोन टोकांना ६०० मिमी अंतरावर डायल गेज. उभ्या उंचीपासून ४० मिमी वर नेताना टोचा फरक: २.६ मिमी टो-आउट (चाकाचं पुढचं टोक बाहेर). मूळ उंचीवरून तेवढाच प्रवास मोजला तेव्हा तो ०.७ होता. ३० मिमी खाली आणल्यावर लोअर आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगचा जोर नकलला देणारा दांडा) यांचे मार्ग एकमेकांपासून दूर जातात. एका चाकाखाली खड्डा किंवा उंचवटा आला की गाडी हात न लावता दिशा बदलेल. हाच बंप स्टिअर.

टाय रॉडचं टोक खाली आणणारे किट मिळतात, पण त्यासाठी नकलचं शंकूचं भोक ड्रिलने सरळ करावं लागतं. ते परत शंकू होत नाही. त्याऐवजी पुढची बाजू ८ मिमी वर घेतली: उतरण २२ मिमी. त्याच मोजणीत टो-आउट १.१. स्वीकारलं. मागे २५ वरून २० केली.

उंची बदलली म्हणजे आधीचे काही आकडेही बदलले. हब-ते-कमान आता डावीकडे ३५०, उजवीकडे ३४७. पुढच्या रबर बुशचे बोल्ट ढिले करून या उंचीवर पुन्हा आवळले. लिंक रॉड २८३ वरून २७५ केले. ब्रेक होज पुन्हा पाहिला, फरक नाही. लटकण्याची मर्यादा शॉकच ठरवतो.

९ फेब्रुवारी: ॲलाइनमेंट

पुढच्या वरच्या प्लेट दोन्हीकडे १२ मिमी आत. कॅम्बर डावा −१°२५′, उजवा −०°५५′. अर्ध्या अंशाचा फरक. सोपा मार्ग म्हणजे डावी प्लेट बाहेर घेऊन आकडे जुळवणे. त्याआधी स्टिअरिंग ॲक्सिसचा (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा) कल मोजला: डावा १३°१५′, उजवा १२°४५′.

कल आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्हीकडे ११°५०′. बेरीज सारखी आहे म्हणजे नकल, स्ट्रटचे कान आणि बोल्टचं टोक दोन्हीकडे सारखं आहे. बॉल जॉइंटच सरकलेत: डावा बाहेर, उजवा आत. सबफ्रेम डावीकडे गेली आहे. १५ मिनिटं आणि ६०० मिमी, म्हणजे सुमारे २.६ मिमी. २५ जानेवारीच्या रंगाच्या खुणा पाहिल्या. त्या ब्रशने केलेल्या, स्वतःच ३ मिमी रुंद. अशी खूण खूण नव्हे.

सबफ्रेमचे बोल्ट अर्धे ढिले करून दोन गेज-भोकांतून बॉडीपर्यंत नेमक्या व्यासाचे दोन दांडे घातले, पहारीने सबफ्रेम सरकवली, दांडे दोन्ही बाजूंना हाताने फिरतात हे पाहून आवळलं. कॅम्बर डावा −१°०८′, उजवा −१°१२′. प्लेटला हात लावावा लागला नाही. प्लेटने जुळवलं असतं तर कॅम्बर आणि ॲक्सिसचा कल दोन्ही सारखे दिसले असते, पण सबफ्रेम डावीकडे सरकलेलीच राहिली असती. टो शेवटी, कॅम्बर हलवला की टो हलतोच.

१५ फेब्रुवारी: टक् आवाज

सरळ रस्त्यावर शांत. उतारावरून तिरकं वळताना, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली असताना, पुढून एकदाच ‘टक्’. उलट दिशेला वळलं की पुन्हा एकदा.

क्रमाने तपासलं: दांड्याचे नट, पर्चच्या लॉक रिंग, लिंकचे नट, नकलचे बोल्ट. सगळ्यांवरच्या पेंटच्या रेघा जागच्या जागी. बॉल जॉइंटमध्ये खेळ नाही. शेवटी बारवर बुशच्या कडेला खडूची रेघ ओढून गाडी तशीच दोनदा वळवली. रेघ ६ मिमी सरकलेली.

मूळ रबरी डी-बुश बारला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे बार आडवा सरकत नाही. नव्या बारसोबत ग्रीस लावलेले पॉलि बुश आहेत आणि बारवर आडव्या हालचालीला अडवणारे कॉलर नाहीत. बार घसरतो, आणि वाकलेला भाग ब्रॅकेटवर आपटतो. दोन तुकड्यांचे, बोल्टने चिमटणारे कॉलर बुशच्या आतल्या बाजूंना लावले, बुशपासून अर्धा मिमी सोडून. आवाज गेला.

२२ फेब्रुवारी: २०० किलोमीटरनंतर

उंची: पुढे डावीकडे ३४९, उजवीकडे ३४६, दोन्हीकडे १ मिमी बसली. नकलचे चारही बोल्ट टॉर्कवर जागचे हलले नाहीत. मागच्या उजव्या टो आर्मचा एक लॉकनट थोडा फिरला; साफ करून पुन्हा आवळला, नवी रेघ. बुश शांत. टायरच्या आतल्या बाजूला पर्चचा घासा नाही.

पुढच्या तपासणीला पाहायचं: तोच लॉकनट, ब्रेक होजचा काटकोनी ब्रॅकेट, आणि डावा कॉलर.